सूर्यावरील डाग आणि भीमथडीचा हिंवाळा

इसवी सन १६४५ ते १७१५ हीं सत्तर वर्षें महाराष्ट्राच्या इतिहासांत काय काय घेऊन आलीं, हें शाळेंतल्या मुलासही सांगावें लागत नाहीं. मावळांतील जमवाजमव, अफझलखानाचें पारिपत्य, १६७४ चा रायगडावरील राज्याभिषेक, १६८९ सालीं भीमा-इंद्रायणीच्या कांठीं झालेला संभाजीराजांचा वध, राजाराम व ताराबाई यांनीं चालविलेला झगडा, १७०७ सालीं औरंगजेबाचा मृत्यु आणि १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथास मिळालेलीं पेशवाईचीं वस्त्रें, एवढें सगळें ह्या मुदतींत बसतें. त्याच मुदतींत आकाशांतही एक गोष्ट घडत होती, आणि तिची दाद रायगडास नव्हती, दिल्लीसही नव्हती. सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहींसे झाले होते.

सूर्यबिंबावर काळे डाग येतात, त्यांची संख्या सुमारें अकरा वर्षांच्या फेऱ्यानें वाढते व घटते, हें आज सर्वपरिचित आहे. परंतु ह्या सत्तर वर्षांत तो फेरा जणूं थांबला होता. १६७२ पासून पुढच्या अठ्ठावीस वर्षांत युरोपांतील सर्व निरीक्षकांना मिळून पन्नासही डाग दिसले नाहींत. एरव्हीं तेवढ्या काळांत चाळीस-पन्नास हजार डाग मोजले जातात. १६७१ सालीं पॅरिसच्या कॅसिनीला एक डाग दिसला, तेव्हां ती छापून प्रसिद्ध करण्याजोगी बातमी ठरली. जर्मन ज्योतिषी श्प्योरर व ग्रीनिच वेधशाळेंतील एडवर्ड वॉल्टर माँडर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीं जुनीं टिपणें गोळा केलीं. त्यांच्याकडे त्या काळीं फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९७६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन एडी यांनीं वृक्षांच्या वलयांतील किरणोत्सारी कार्बन तपासून तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनें सिद्ध केली आणि ह्या काळास 'माँडर किमान' असें नांव दिलें. सूर्य मंदावला म्हणजे अंतराळांतून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणांत अधिक शिरतात, हा कार्बन अधिक तयार होतो, आणि झाडें त्याची नोंद आपल्या खोडांत ठेवितात. दुर्बिणी चुकतील, लांकूड चुकत नाहीं.

ह्याच काळांत युरोपांतील कित्येक हिंवाळे भयंकर कडक गेले. १६८३-८४ च्या हिंवाळ्यांत लंडनची थेम्स नदी गोठली व तिच्या पात्रावर दुकानें मांडून जत्रा भरली. १७०८-०९ च्या हिंवाळ्यानें फ्रान्समध्यें पिकें मारलीं, द्राक्षमळे मारले, माणसें मारलीं. डाग गेले आणि थंडी आली, हा संबंध जोडण्याचा मोह कोणासही व्हावा असाच हा योग आहे. मात्र हीच टिपणें पुढें वाचलीं म्हणजे मन थबकतें. थेम्स गोठल्यानंतर दोनच वर्षांनीं आलेला १६८५-८६ चा हिंवाळा इंग्लंडमध्यें अतिशय सौम्य होता, आणि सूर्य तर तसाच कोरा होता. थेम्स गोठण्यास जुन्या लंडन पुलाच्या दाट खांबांचाही हातभार होता. त्यांनीं प्रवाह अडत असे. तो पूल १८३१ सालीं काढून टाकल्यावर शहरांतील नदी तशी पुन्हां गोठली नाहीं. शिवाय युरोपांतील ज्या दीर्घ शीतकाळास 'लघु हिमयुग' म्हणतात, तो माँडर किमानाच्या कितीतरी आधीं सुरू झाला होता, आणि त्यांत ज्वालामुखींच्या राखेचा व धुराचा वांटा मोठा होता.

आतां दख्खनकडे वळावें. तुळापुराहून खालीं उतरलेली भीमा शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांची शीव आंखीत जाते. तिच्या डाव्या, म्हणजे शिरूरच्या, तीरावर वडगांव रासाई आहे. हा सगळा मुलूख जुन्या भीमथडीचा. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांची फौज दौडली, म्हणून त्याचें नांव दूरवर गेलें. सह्याद्रीच्या आडोशामुळें येथें पाऊस बेताचा, आणि शेतकऱ्याचा भरंवसा परतीच्या पावसावर पेरलेल्या शाळूवर, हरभऱ्यावर व गव्हावर. हिंवाळा ही येथें केवळ अंगावर घोंगडी ओढण्याची बाब नव्हे. थंडीनें दाणा भरतो, आणि थंडीबरोबर दंवही पडतें; वर्षाचें धान्य त्यावर ठरतें. त्या सत्तर वर्षांत भीमेकांठचा हिंवाळा कसा गेला? उष्णतामापक यंत्र नव्हतें. शकावल्यांत लढाया, जन्म, मृत्यु व ग्रहणें आहेत, पहांटेच्या थंडीचा हिशेब नाहीं. जें नोंदलें गेलें तें दुष्काळांचें.

आणि दुष्काळांची साक्ष सरळ नाहीं. दख्खन व गुजरात यांस उध्वस्त करणारा सतराव्या शतकांतील सर्वांत भीषण दुष्काळ १६३० ते १६३२ चा, म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्या वेळचा. त्या काळीं सूर्यावर डाग भरपूर होते. ख्रिस्तोफ शाइनर ह्या जेझुइट पंडिताचा सूर्यडागांवरील प्रचंड ग्रंथ १६३० सालींच पुरा छापून झाला. म्हणजे डागाळलेल्या सूर्याखालीं माणसें अन्नावांचून मेलीं. उलटपक्षीं १७०२ ते १७०४ चा दुष्काळ कोऱ्या सूर्याखालीं आला. त्यांत व त्याबरोबरच्या रोगराईंत वीस लाखांवर लोक मेले, असें इटालियन प्रवासी मनूची लिहितो. आंकडा फुगलेला असेल, पण औरंगजेबाच्या छावणीनें वीस वर्षें चरून काढलेल्या मुलखांत पाऊस चुकला म्हणजे काय होतें, हें समजण्यास आंकड्याची गरज नाहीं. त्याच बादशहाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत भीमेच्याच कांठीं, ब्रह्मपुरीस, पडून होती.

सूर्यांतील घडामोड पृथ्वीवर पोंचते कीं नाहीं, ह्याचा पहिला ढळढळीत पुरावा ज्या थोड्या ठिकाणीं लेखी उमटला, त्यांत मुंबईची कुलाबा वेधशाळा होती. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं इंग्लंडमध्यें रिचर्ड कॅरिंग्टन यास सूर्यावरील डागांच्या समूहांत एकाएकीं झगझगीत प्रकाश दिसला. दुसऱ्या दिवशीं कुलाब्याचा चुंबकसूचक असा कांहीं ढळला कीं, तेवढा तो पुढें कधींही ढळल्याची नोंद नाहीं. आजच्या मापानें तो उतार सुमारें सोळाशें नॅनोटेस्ला भरतो, आणि सूर्यवादळांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक अद्यापि ह्या मुंबईच्या कागदाकडे वळतात. (पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून १९०४ सालीं चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्यांत आले. ट्राम केव्हांच गेली; अलिबागची वेधशाळा राहिली आहे.) सूर्य खवळला कीं होकायंत्रास कळतें, एवढें त्यावरून ठरलें. ढगास व थंडीस कळतें काय, हा प्रश्न उरला; आणि तो प्रश्न लवकरच पुणें जिल्ह्यांतील हजारों कुटुंबांच्या जीवनमरणाशीं येऊन भिडला.

१८७५ सालीं सुप्यास सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्याच्या अगोदर, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यांतल्या करडे गांवीं सावकारावर बहिष्कार पडला होता. वडगांव रासाईच्याच तालुक्यांतील ही गोष्ट. कर्ज, सारा व उतरलेले भाव ह्यांनीं शेतकरी आधींच खचला होता, आणि त्यावर १८७६ चा पाऊस बुडाला. दोन वर्षांत एकट्या मुंबई इलाख्यांत आठ लाखांच्या आसपास माणसें दगावलीं असा अंदाज आहे. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील प्रौढ मजुरास दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा एवढी मजुरी ठरविली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास ती पुरत नव्हती; इलाख्यांत कित्येक ठिकाणीं मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवचे वृत्तान्त मागविले, ते सरकारास धाडले, आणि १८७८ सालीं सुरू केलेल्या आपल्या त्रैमासिकांत छापले.

ह्याच वेळीं, १८७७ सालीं, सरकारचे सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनीं एक पुस्तिका काढली. मद्रासचे १८१३ पासूनचे पावसाचे आंकडे सूर्यडागांच्या आंकड्यांशेजारीं मांडून त्यांनीं असा सिद्धान्त केला कीं, डाग कमी तेव्हां पाऊस कमी, आणि दुष्काळ ह्या अकरा वर्षांच्या फेऱ्यानेंच येतात. ज्योतिषशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्यासह त्यांनीं ह्या विषयावर एक संयुक्त लेखही लिहिला. कल्पना डोळे दिपविणारी होती. दुष्काळ आधींच सांगतां आला तर धान्य सांठवितां येईल, तगाई देतां येईल, हा तिचा उजळ भाग. दुसरा भाग तितका उजळ नव्हता. दुष्काळ सूर्य आणतो असें एकदां ठरलें, म्हणजे साऱ्याचा दर, मजुरीचा पौंड व परदेशीं जाणारें धान्य ह्यांची चौकशी करण्याचें कारणच काय? हंटर यांचा हेतु असा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु सोयीचें शास्त्र सत्तेस नेहमींच लवकर पटतें.

गंमत अशी कीं, हा डोलारा पाडणारा माणूसही सरकारी गोटांतलाच होता. जनरल रिचर्ड स्ट्रॅची यांनीं १८७७ सालींच रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचून दाखविलें कीं, ह्या मद्रासच्या आंकड्यांतून अकरा वर्षांचें चक्र सिद्ध होत नाहीं. सालोसालच्या पावसाची चढउतार इतकी मोठी आहे कीं हंटर यांस दिसलेला फरक तिच्यांत सहज बुडून जातो. पुढें नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष हेच स्ट्रॅची झाले. प्रत्यक्ष तारखाही हंटर यांस फारशा अनुकूल नव्हत्या. पाऊस बुडाला १८७६ मध्यें. सूर्याचें किमान आलें १८७८ च्या डिसेंबरांत. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, १८७९ च्या फेब्रुवारींत, वासुदेव बळवंत फडके यांनीं शिरूर तालुक्यांतील धामारी येथें पहिला दरोडा घातला. त्यांस बंडाकडे लोटणाऱ्या कारणांत ह्या दुष्काळांत डोळ्यांनीं पाहिलेले हाल हें एक मोठें कारण होतें. त्यांनीं बोट दाखविलें तें राज्यकर्त्यांकडे, सूर्याकडे नव्हे.

हंटर यांचा सिद्धान्त टिकला नाहीं, तरी त्यानें एक चांगलें काम करून ठेवलें. १८७८ पासून डेहराडूनला सूर्याचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ झाला, आणि दुष्काळ व सूर्य ह्यांच्या संबंधाची भूक शमविण्यासाठींच पुढें १८९९ सालीं कोडईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली. तिच्या काचांवर शतकाहून अधिक काळाचा सूर्य जतन झाला आहे. पुण्यालाही ह्या कामांत स्थान आहे. विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून १८८८ सालीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या वेळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १८९८ च्या २२ जानेवारीस जें खग्रास सूर्यग्रहण झालें, त्याच्या वेधासाठीं नायगांववाला आपला सरंजाम घेऊन सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेंच उतरली होती. आणि त्याच दिवशीं वऱ्हाडांत तळणी येथें कॅमेरा लावून कोण बसलें होतें? एडवर्ड वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर. त्या बाईंनीं त्या दिवशीं टिपलेला सूर्यकिरीटाचा झोत तोंवर टिपलेल्या सर्व झोतांत लांब ठरला. कोऱ्या सूर्याचीं सत्तर वर्षें ज्यांच्या नांवानें ओळखलीं जातात, ते गृहस्थ असे महाराष्ट्राच्या मातींत उभे राहून गेले आहेत. १९१२ सालीं पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिचीं यंत्रें कोडईकनालला रवाना झालीं. शहराच्या स्मरणांतूनही ती जवळजवळ गेलीच.

हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनीं जगभरच्या ठिकाणांचे पाऊस, उष्णता व हवेचा दाब यांचे आंकडे सूर्यडागांशीं ताडून पाहिले आणि १९१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले: संबंध आहे तेथें तो क्षीण आहे, आणि त्याच्या आधारें पावसाचें भाकित करतां येत नाहीं. शोध घेतां घेतां त्यांच्या हातीं निराळेंच घबाड लागलें. प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या दोन पारड्यांसारखा वरखालीं होतो, हें त्यांनीं दाखविलें. आज 'एल निनो' ह्या नांवानें जी घटना ओळखली जाते, तिचेंच हें वातावरणांतील अंग. १८७६-७८ च्या दुष्काळामागें असाच एक अतिप्रबळ एल निनो होता. ज्याचा दोष सूर्यावर ठेवला गेला, त्याचें मूळ महासागरांत होतें; आणि पाऊस बुडाल्यावर माणसें कां मेलीं, ह्याचें मूळ पुन्हां जमिनीवरच शोधावें लागतें.

मग सूर्याचा हिंवाळ्याशीं कांहींच संबंध नाहीं काय? तसें म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. सूर्याच्या एकूण तेजांत कमाल व किमान यांमध्यें अवघा हजारांत एक एवढाच फरक पडतो. परंतु त्याच्या अतिनील किरणांतील फरक त्याहून पुष्कळच मोठा असतो. हे किरण जमिनीपर्यंत फारसे पोंचत नाहींत. उंचावरील स्थितांबरांतला ओझोन वायु ते शोषून तापतो. सूर्य मंद झाला म्हणजे उष्ण कटिबंधावरचें हें स्थितांबर थोडें कमी तापतें, ध्रुवाकडील व विषुववृत्ताकडील उष्णतेंतलें अंतर कमी होतें, आणि ध्रुवाभोंवतीं हिंवाळ्यांत घोंघावणारे पश्चिमी वारे ढिले पडतात. ते ढिले पडले कीं अटलांटिकवरची उबदार हवा युरोपांत शिरत नाहीं. पूर्वेकडची गोठलेली हवा शिरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ माइक लॉकवुड व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं इंग्लंडच्या साडेतीनशें वर्षांच्या नोंदींवरून दाखविलें कीं, मंद सूर्याच्या काळांत तेथें कडक हिंवाळ्यांची शक्यता वाढते. शक्यता वाढते, एवढेंच. आणि तीही युरोपापुरती. त्याच वेळीं ग्रीनलंडकडे हिंवाळा सौम्य असूं शकतो. एका प्रदेशाची थंडी दुसरीकडच्या उबेनें फेडली जाते, आणि सगळ्या पृथ्वीचा हिशेब फारसा बदलत नाहीं.

भीमथडीच्या थंडीचें गणित मुळांतच वेगळें आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयांत बर्फ पाडून पुढें सरकतात, त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा वाहूं लागतो, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्रीं जमीन आपली ऊब भराभर सोडून देते. जड झालेली गार हवा नदीच्या खोलगट खोऱ्यांत उतरून बसते. म्हणूनच भीमेच्या कांठीं पहांटेचा गारठा माळावरच्याहून बोचरा लागतो. पुण्यास १९३२ सालीं कृषि-हवामानाची शाखा निघाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनीं अशाच शांत रात्रींचे वेध घेऊन एक चमत्कारिक गोष्ट उजेडांत आणली. हवा सर्वांत गार असते ती जमिनीला चिकटून नव्हे, तर तिच्या किंचित वर, वीत-दोन वितींच्या उंचीवर. हरभऱ्याच्या रोपाचा शेंडा नेमका तेथेंच असतो. भौतिकशास्त्रांत तो थर रामदासांच्याच नांवानें ओळखला जातो.

ह्या थंडीवर सूर्यडागांची छाया शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. पुण्याची सर्वांत कडाक्याची नोंदलेली रात्र १७ जानेवारी १९३५ ची. त्या दिवशीं पारा १.७ अंश सेल्सिअसवर उतरला. सूर्याचें किमान १९३३ सालीं होऊन गेलें होतें, म्हणून एखादा म्हणेल, पाहा, संबंध आहे. परंतु मुंबईस सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर गेला तो २७ जानेवारी १९६२ रोजीं, आणि त्याच्या चारच वर्षें आधीं सूर्यानें दुर्बिणीच्या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोठी कमाल गांठली होती. पावसाविषयीं मात्र प्रकरण अगदींच बंद झालेलें नाहीं. सुबर्णा भट्टाचार्य व रोद्दम नरसिंह यांनीं २००५ सालीं नव्या गणिती पद्धतीनें आपल्या मान्सूनच्या आंकड्यांत सूर्याच्या फेऱ्याची पुसट खूण असल्याचें मांडलें. वॉकर यांस दिसला त्यापेक्षां हा संबंध बारीक चिमट्यानें उचललेला आहे. पण तोही शेतकऱ्यास पेरणीची तारीख सांगूं शकणारा नाहीं.

अलीकडे हा जुना प्रश्न नव्या रूपांत परत आला. २००८ च्या अखेरीस सुरू झालेलें सूर्याचें चोविसावें चक्र शंभर वर्षांतलें सर्वांत दुबळें निघालें, आणि माँडर किमान पुन्हां येणार, पृथ्वी थंडावणार, तापमानवाढीची चिंता मिटणार, अशी बोलवा उठली. हिशेब करणाऱ्यांनीं हिशेब केला. गेऑर्ग फॉयलनर व स्टेफान राम्सटोर्फ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, सूर्य खरोखरीच तितका मंदावून शतकभर तसाच राहिला, तरी २१०० पर्यंत पृथ्वीचें तापमान त्यामुळें फार तर ०.३ अंशानें कमी होईल. कारखानदारीच्या पूर्वीं हवेंत दशलक्षांत सुमारें २८० भाग असलेला कर्बवायु आज ४२० च्या वर गेला आहे. त्यानें घातलेली उष्णतेची भर ह्या तीन दशांशांहून कितीतरी पट अधिक आहे. पृथ्वी एव्हांच एका अंशाहून अधिक तापली आहे. पंचविसाव्या चक्रानें तर भाकित करणाऱ्यांचीच फजिती केली. तेंही दुबळें असेल, डागांची सरासरी ११५ च्या आसपास थांबेल, असें तज्ज्ञांच्या मंडळाचें मत होतें. २०२४ च्या अखेरीस ती १६० च्या घरांत पोंचली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत लडाखमधील हानले येथून आकाशांत तांबूस ध्रुवप्रकाश दिसला.

सूर्याचें एकूण तेज नव्हे, तर अतिनील तेज हिंवाळ्यांच्या मुळाशीं असूं शकतें, हें कळल्यापासून त्याच तेजाचा नेमका वेध घेण्याची निकड वाढली. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें 'आदित्य-एल १' हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या जागीं स्थिर झालें. त्यावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' ह्या संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली आहे, आणि ओझोन ज्यांवर तापतो त्याच पट्ट्यांतले किरण ती टिपते. चक्र आतां उताराला लागलें असून पुढील किमान २०३० च्या सुमारास यावयाचें आहे. तो उतार अवकाशांतून, पूर्ण बिंबाचीं चित्रें घेत, ही दुर्बीण पाहणार आहे. नायगांववालांची वेधशाळा ज्या शहरांत बंद पडली, त्याच शहरांत तीं चित्रें आतां तपासलीं जात आहेत.